न भरणारी टाकी

"ताई, ही टाकी न्हाई, ही हीर हाय." गेल्या श्रावणात मैला उपसायला आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरने आमच्या मागीलदारी उभं राहून हे म्हटलं, आणि ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. गाडीचा जाड, वळ्यावळ्यांचा पाइप तासभर टाकीत खालीवर होत होता. पाणी ओढलं, साका ओढला, तळ दिसायला लागला तसा पंप बंद केला. पाइप गुंडाळेपर्यंत दहा मिनिटं गेली असतील. मी लांबूनच टॉर्च मारून पाहिलं तर तळाशी टाचभर पाणी. आणखी थोड्या वेळाने वीतभर. चिऱ्यांच्या सांध्यांतून, तळाच्या कातळाच्या भेगांतून ते शांतपणे वर येत होतं. पाऊस भरून आला होता, मागच्या फणसावरून थेंब गळत होते, आणि ज्या टाकीचं आम्ही इतकी वर्षं कौतुक केलं ती माझ्यासमोर एखाद्या झऱ्यासारखी भरत होती.

गणपती पंधरा दिवसांवर आले होते. पुण्याहून मी आधी येऊन घर उघडलं, जळमटं काढली, आणि दुसऱ्याच दिवशी संडासात पाणी तुंबायला लागलं. बादली ओतली की भांड्यात गुडगुड आवाज यायचा आणि पाणी खाली जायच्या ऐवजी काठापर्यंत वर यायचं. घरात पंधरा-वीस माणसं उतरणार होती. म्हणून गाडी बोलावली. फक्त तेवढ्याचसाठी.

बाबांचा या टाकीवर फार जीव होता. कोणी पाहुणा घर बघायला आला की माजघर, पडवी, नवी विहीर दाखवून झाली की शेवटी ते मागे न्यायचे आणि सिमेंटच्या झाकणावर चपलेची टाच आपटून सांगायचे, "एवढ्या वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही." ऐकणारा मान हलवायचा. आमच्या वाडीत हेच चांगल्या टाकीचं लक्षण. ज्याची टाकी दोन वर्षांत भरते त्याच्या गवंड्याला नावं ठेवतात, आणि ज्याची कधीच भरत नाही त्याला लोक पत्ता विचारतात. बाबा प्राथमिक शाळेत गुरुजी होते, कुठलीही गोष्ट समजून घेतल्याशिवाय करायची नाही हा त्यांचा स्वभाव. म्हणून तर ते वाक्य मी कधी तपासून पाहिलं नाही.

टाकी १९९८ च्या मे महिन्यात बांधली. त्याआधी आम्ही सगळेच सड्यावर जायचो, परसाकडे. हातात टमरेल, पायाखाली दव, बाजूला करवंदीच्या जाळ्या. बायकांना उजाडायच्या आत जाऊन यावं लागायचं. मला अजूनही पहाटेच्या अंधारात चार-पाच जणींच्या बांगड्यांचा आवाज एका ओळीत पुढे जाताना ऐकू येतो. मुलांना त्यात मजा वाटायची, आणि मजा वाटायची हे मी लपवणार नाही. पण १९९७ च्या श्रावणात आजी उतारावर शेवाळावरून घसरली आणि तिचा खुबा मोडला. रत्नागिरीला ऑपरेशन झालं, आजी घरी आली ती खाटेवरच. बाबांनी एका जुन्या लाकडी खुर्चीची बैठक कापून गोल भोक पाडलं, खाली बादली ठेवली. ती बादली आई उचलायची. वर चुलीतली राख टाकायची, पदर नाकाशी धरायची आणि मागच्या कुंपणापाशी खड्डा खणून पुरून यायची. दिवसातून दोनदा, पावसातसुद्धा. असे आठ महिने.

त्या आठ महिन्यांत आई त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. फक्त जेवायला बसायच्या आधी ती हात फार वेळ धूत राहायची. पन्हळीखाली उभी राहून, राखेने, मग साबणाने, मग पुन्हा राखेने. बाबा पडवीतून ते बघायचे. टाकी आजीसाठी बांधली असं घरात सगळे म्हणतात. मला वाटतं ती आईच्या त्या हातांसाठी होती. पतपेढीचं कर्ज काढून बाबांनी दहा फूट लांब, सहा फूट रुंद, आठ फूट खोल खड्डा खणून घेतला. पाच माणसांच्या घराला भारतीय मानकाप्रमाणे दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि मीटरभर पाणी राहील एवढी टाकी पुरते. बाबांनी तिच्या दहापट मोठी बांधली. गवंडी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. तो म्हणाला, "गुरुजी, तळाला कोबा कशाला? जांभा आहे, पाणी पिऊन टाकील. आयुष्यभर उपसायला नको." कोबा वाचला, आतल्या गिलाव्याचं सिमेंट वाचलं. बाबांनी त्याला पायरीचा हापूस खायला दिल्याचं मला आठवतं, म्हणजे हापूस होता की पायरी हे आठवत नाही, पण आंबा होता आणि दोघं खूश होते.

गाडी गेल्यावर त्या रात्री मी मोबाइलवर वाचत बसले. वय उलटून गेलं तरी रोज वापरतो त्या वस्तूचं काम मला ठाऊक नव्हतं. टाकीत सगळं नाहीसं होतं अशी माझी समजूत होती. तसं काही होत नाही. खऱ्या टाकीला शक्यतो दोन कप्पे असतात. पहिल्या कप्प्यात घाण येऊन पडते आणि तिथे तिला स्वस्थ बसू द्यायचं, हेच टाकीचं मुख्य काम. जड असेल ते खाली बसतं, तो साका. तेलकट, हलकं असेल ते वर तरंगतं आणि त्याची दुधावरच्या सायीसारखी जाड साय धरते. मधला थर पाण्याचा, आणि तेवढाच मधल्या भिंतीतल्या भोकातून दुसऱ्या कप्प्यात जातो. बाहेर पडायच्या तोंडाशी इंग्रजी T च्या आकाराचा पाइप उभा लावतात तो याचसाठी, की वरची सायही जाऊ नये आणि खालचा साकाही. पाणी आत निदान एक-दोन दिवस राहायला हवं. अंधारात, हवेशिवाय जगणारे जीवाणू साका हळूहळू खात राहतात. पण सगळा खात नाहीत. उरलेला साठत जातो, आणि म्हणून दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसायची असते. उपसतानाही थोडा साका मुद्दाम ठेवायचा, दह्याला विरजण ठेवतो तसा. आमच्याकडे नव्या टाकीत शेणकाला ओततात तो याच विरजणासाठी. आणि घरोघरी शनिवारी फिनेल आणि ॲसिड ओततात, ते फार झालं तर हे विरजण मरतं.

म्हणजे चांगली टाकी भरते. भरायलाच हवी.

हे वाक्य मी दोन-तीनदा मनात म्हणून पाहिलं. मग जी कधीच भरली नाही तिच्यातलं सगळं गेलं कुठे, या प्रश्नाचं उत्तर मला संध्याकाळीच दिसलं होतं. ज्या वाटेने पावसाळ्यात पाणी आत येत होतं, त्याच वाटेने बाकीचे आठ महिने आमचं सगळं बाहेर जात होतं. जांभा म्हणजे दगड कसला, भोकाभोकांचा स्पंज तो. त्यातून पाणी गाळून जात नाही, धावत जातं. आणि भादव्याच्या तोंडावर जमिनीतलं पाणीच वर चढलं, की टाकीला प्यायला जागा उरत नाही. तेव्हा संडास तुंबतो. आम्ही दरवर्षी म्हणायचो, पावसाळ्यात जरा सावकाश जातं.

बाबांसारखंच एका माणसाला वाटलं होतं. फ्रान्समधल्या वेझूल गावी झाँ-लुई मुरास नावाच्या माणसाने १८६० च्या सुमारास घराच्या संडासासाठी बंद टाकी बांधली. बाराएक वर्षांनी ती उघडली तर आत घट्ट असं जवळजवळ काहीच नाही, नुसतं पाणी. तो चकित झाला. १८८१ साली त्याने पेटंट घेतलं. पुढे इंग्लंडात एक्सेटरला डोनाल्ड कॅमेरॉनने १८९५ मध्ये आपल्या टाकीला 'सेप्टिक' हे नाव दिलं. सेप्टिक म्हणजे कुजवणारी. आणि दोनच वर्षांत, १८९७ साली, हे तंत्र आपल्या मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात येऊन पोहोचलं होतं. तिथल्या टाक्यांमधल्या गॅसवर पुढे इंजिनसुद्धा चालवलं. हे वाचताना मला सारखी मुरासची ती उघडलेली टाकी दिसत होती. काहीच उरलं नाही हे बघून माणसाला केवढा आनंद होत असेल. त्या आनंदात शंकेला जागा नसते. आपल्या घरातली सगळ्यात नकोशी गोष्ट जमिनीने गुपचूप घेतली, आता ती कोणाला उचलावी लागणार नाही. बाबांच्या टाच आपटण्यात मला तोच आनंद ऐकू येतो, आणि त्याच्यामागे आईचे हात.

दुसऱ्या दिवशी मी ग्रामपंचायतीत जाऊन जलसुरक्षकाला भेटले. विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर, टाकायचं काम त्याच्याकडे असतं. त्याने मला एक छोटी बाटली दिली, आत तपकिरी कागदाचा तुकडा. विहिरीचं पाणी खुणेपर्यंत भरायचं, बूच लावायचं, उबेत ठेवायचं आणि एक-दोन दिवस वाट बघायची. पाणी काळं झालं तर त्यात मैल्याचे जंतू असण्याची दाट शक्यता. ही सोपी चाचणी १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी मांडली. मी दोन बाटल्या मागून घेतल्या. एक आमच्या विहिरीची, एक खालच्या घरातल्या काकींच्या विहिरीची. काकींची विहीर आमच्या टाकीपासून उताराला तीस फुटांवर आहे. मी त्या दिवशी मोजली. शोषखड्डा, म्हणजे टाकीचं पाणी जमिनीत जिरवायचा खड्डा, पिण्याच्या पाण्यापासून साठ फूट तरी लांब हवा असं म्हणतात, तेही साध्या मातीत.

बाटल्या फडताळात चहाच्या डब्याशेजारी ठेवल्या. रात्री आमच्या बाटलीतला कागद कडेने करडा झाला. सकाळी उठून चहाचा डबा काढायला गेले तर काकींची बाटली काळी होती. शाई सांडल्यासारखी, बुचापर्यंत. आमची त्यामानाने धुरकट. उतार काकींच्या विहिरीच्या बाजूला आहे.

त्या काळेपणाचं कारण वाचलं आणि मी मोबाइल उलटा ठेवून दिला. त्या जंतूंमधले काही हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि त्याचा बाटलीतल्या लोहाशी संयोग होऊन पाणी काळं पडतं. हा तोच वायू, जो टाकीत साठतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तोवर माणूस सावध असतो; तो फार वाढला की नाकच बधिर होतं, वास गेल्यासारखा वाटतो, आणि आत उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो. म्हणून पेपरातल्या त्या बातम्यांमध्ये बहुतेक वेळा एकाहून जास्त नावं असतात. सोबत मिथेन असतो, त्याला वासच नाही, आणि जुनी माणसं हवा तपासायला कंदील सोडायची त्याने तो भडकू शकतो.

मोबाइल उलटा ठेवला, कारण गाडी आली त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली होती. पंप बंद झाल्यावर तळाच्या एका कोपऱ्यात घट्ट साका राहिला होता, पाइपला न येणारा. ड्रायव्हरबरोबरचा पोरगा, असेल बावीस-तेवीसचा, गळ्यात तांबडा गमछा, पायात स्लिपर. त्याने झाकणाच्या कडेला बसून पाय आत सोडले आणि मला विचारलं, "ताई, उतरू का? पाच मिनटात खोऱ्यानं काढतो." इतक्या सहज, की मी नारळ उतरवायला माणूस बोलावला असता तर त्याने विचारलं असतं तसं. मी नको म्हटलं. पण लगेच नाही. मधे एक क्षण गेला. त्या क्षणात माझ्या मनात गणपती होते, पंधरा-वीस माणसं होती, आणि एवढे पैसे दिलेत तर पूर्ण साफ झालेलं बरं, हा हिशोबही होता. तो क्षण मला आठवतो आणि अंगावर काटा येतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही टाकीत उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. त्या पोराला हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. त्याने पाय वर घेतले, गमछ्याने घाम पुसला आणि पाणी मागितलं. मी त्याला आमच्या विहिरीचं तांब्याभर पाणी दिलं. तो गटागटा प्यायला.

ते पाणी. आमची बाटली धुरकट व्हायच्या आधीच दिलेलं.

गाडी भरून गेली तेव्हा मी ड्रायव्हरला विचारलं होतं, हे आता कुठे नेणार? तो म्हणाला, "बघतो पुढं." मी पुन्हा विचारलं नाही. आमच्या तालुक्यात मैल्यावर प्रक्रिया करणारं काही मी पाहिलेलं नाही, आणि घाटातल्या वळणांवर कुठे कुठे खाली उतरणारी काळी ओली वाट दिसते, ती सगळ्यांनी पाहिलेली आहे. सातारा जिल्ह्यातल्या वाईत आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरमध्ये नगरपालिकेने नेमलेली गाडी ठरलेल्या वेळापत्रकाने दर तीन वर्षांनी प्रत्येक घरी येते, टाकी भरली असो नसो, आणि मैला प्रक्रिया केंद्रावर जातो. खर्च करातून निघतो. मला हे वाचून हेवा वाटला. कोणाला फोन करायला नको, कोणाशी घासाघीस नको, कोणाला पाय आत सोडून विचारायची वेळ यायला नको.

काकींना सांगायला मला तीन दिवस लागले. काय सांगणार होते? की तुमच्या नातवाला दर गणपतीत जुलाब होतात, आपण त्याचा दोष मोदकांना देतो, तो कदाचित आमचा होता. कदाचितच. त्याच उतारावर गोठा आहे, वरच्या घराचा खड्डाही आहे. कुठला जंतू कुठून आला ते बाटली सांगत नाही. हा 'कदाचित' मी वाटेभर घोकत गेले, आणि अंगणात पोहोचल्यावर मला त्याची लाज वाटली. काळी बाटली पुढे धरून सरळ सांगून टाकलं. काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी बाटली उजेडात धरली, हलवली, परत दिली. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी माझ्या दोन्ही पोरांना शिकवलंन गो." यात क्षमा होती की दुसरं काही, मला आजवर कळलेलं नाही. मी म्हटलं, पाणी उकळून प्या. रात्री मग वाचलं की उकळून जंतू मरतात, पण मैल्यातून पाण्यात उतरलेला नायट्रेट जात नाही.

बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांच्यावर रागवावं असं मला वाटलं नाही आणि रागवू नये असंही वाटलं नाही. ते असते तर रात्रभर येरझाऱ्या घातल्या असत्या आणि सकाळी स्वतःच काकींच्या अंगणात जाऊन उभे राहिले असते, एवढं मात्र नक्की.

गेल्या मे महिन्यात नवी टाकी बांधली. जुनी उपसून, वाळवून, चुना टाकून डबराने बुजवली. नवी घराच्या पश्चिमेला, काजूच्या बाजूला. दोन्ही विहिरींपासून टेप धरून सत्तर फूट. तळाला काँक्रीट, आतून गिलावा आणि वर नीरू घोटलेला, दोन कप्पे, दोन झाकणं, वायुनळी छपराच्या वर नेऊन तोंडाला डासांची जाळी. आकार लहान. गवंड्याने तीनदा विचारलं, "एवढीच? मग भरंल की." मी म्हटलं, भरू दे. पुढे खोल शोषखड्डा नको म्हटलं. पावसाळ्यात वर चढणाऱ्या पाण्यात तो बुडला असता. त्याऐवजी उथळ, लांब चर, खडीने भरलेला, आणि त्यावर कर्दळी. आई खुर्ची टाकून सगळं बघत बसली होती. एकदाच म्हणाली, "उपसायला कोण येणार?" मी म्हटलं, गाडी येईल, दर तीन वर्षांनी, मी तारीख लिहून ठेवली आहे. "आत कोणी उतरणार नाही ना?" नाही म्हटलं. तिने मान हलवली आणि हात एकमेकांवर चोळले, थंडी नव्हती तरी.

टाकी वापरायच्या आधी पाण्याने काठोकाठ भरून ठेवली. पाण्याच्या पातळीला भिंतीवर खडूने रेघ मारली. चोवीस तासांनी पाणी त्या रेघेला असलं तर टाकी गळत नाही. रात्री मी दोनदा उठून टॉर्च मारून आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकी वर आल्या, गुडघ्यांवर हात ठेवून, पाखाडीच्या पायऱ्या मोजत. झाकणाच्या कडेला उकिडव्या बसल्या, आत वाकून बघितलं, आणि बोट लांबवून रेघेखाली पाण्याला टेकवलं.

"आहे गो तिथंच," त्या म्हणाल्या. मग पदराला बोट पुसत, "माझ्या विहिरीचं आता न उकळता कधी प्यायचं?"

मी म्हटलं, दोन पावसाळे तरी जाऊ देत, मग पुन्हा बाटली भरून बघू, तपासणीला रत्नागिरीलाही पाठवू.

"बरं. तोवर उकळत्ये," म्हणाल्या, आणि उजेड होता तोवर पाखाडी उतरायला निघाल्या.